सतरा नंबरचं अंडं

सतरा नंबरचं अंडं चौथ्यांदा शून्य निघालं, तेव्हा मॅडमनी हातमोजे काढून टेबलावर आपटले.

चाळीस कोंबड्या. दात किडवणारे जंतू मारून त्यांचीच लस प्रत्येकीला टोचलेली. कोंबडीचं अंग त्या जंतूंशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, ती अंड्याच्या बलकात उतरतात. त्या बलकाची गोळी चघळली की जंतूंना दाताला चिकटणं जड जातं. सोमवारी गोळ्या चारशे मुलांच्या शाळेत जायच्या होत्या. एकोणचाळीस बलक गच्च भरलेले. आणि ही सटवी रोज न चुकता अंडं देत होती, आत मात्र ठणठण गोपाळ.

मॅडमनी लस बदलली. सुई बदलली. तपासणीचं यंत्र दोनदा उघडून पाहिलं. लसवाल्याशी इतकं भांडल्या की त्यानं फोन उचलणंच बंद केलं. शेवटी सतराला स्वतःच्या हातानं टोचलं, तर तिनं मनगटाचा लचका तोडला. एवढं करून पदरात काय? पुन्हा शून्य.

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. "हे एक शून्य का येतं ते सांगता येत नसेल, तर बाकीच्या एकोणचाळिसांवर मी काय म्हणून विश्वास ठेवू? सगळ्या काढा. नव्यानं सुरुवात करा."

मॅडम तणतणत खुराड्याकडे गेल्या. कोंबड्या सांभाळणारे काका दाणे टाकत होते.

"काका, उद्या गाडी येईल. चाळीसच्या चाळीस भरून द्या."

"सगळ्या?"

"सगळ्या! तुमच्या त्या सतरानं माझ्या नऊ महिन्यांची माती केली."

काकांनी दाण्यांचं भांडं खाली ठेवलं. "तिला शिव्या देऊ नका. अंडं तिचं नाहीच."

"म्हणजे?"

"तीन महिने झाले, तिनं घालायचंच सोडलंय. सकाळी येताना दुकानातून एक आणतो आणि तिच्याखाली सरकवतो."

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मॅडमना कळेना. बलक चांगले होते. लस चांगली होती. लसवालाही बिचारा चांगला होता.

"एका कोंबडीच्या मायेपायी तीन महिने मला नाचवलंत? न घालणारी काढायची, नियम आहे इथला. भूतदया घरी करायची, काका!"

"कसली भूतदया घेऊन बसलात? सुट्टीच्या दिवशी मी कोंबडीच खातो." काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चाळीस कोंबड्यांना दोन माणसं. एक जरी कमी झाली, तर एक माणूस कमी. दोघांत म्हातारा मी. कोणाला काढणार, सांगा. दारावर कागद लावलाय ना तुम्ही!"

"मी? असला कागद मी जन्मात काढलेला नाही."

"खाली सही तुमची आहे."

मॅडम दाराशी गेल्या. सही त्यांचीच होती. ऑफिसातून गठ्ठा आला की त्या करत तशी, घाईघाईची. वर काय लिहिलंय, ते त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या.