फाटक लावलं का?

नवरा गेल्यानंतर थर्झा पहिल्यांदाच भटकंती मंडळाबरोबर इंग्लंडमधल्या डार्टमूरचा माळ तुडवायला आली होती. सकाळपासून ती रांगेत शेवटीच होती. पुढे सगळे जोडीजोडीने गप्पा मारत चालले होते. एक टेकडी उतरावी, तर समोर दुसरीच्या माथ्यावरचे काळे खडक उभेच.

दुपारी खडकांच्या आडोशाला सगळे खायला बसले, तेव्हा म्होरक्या क्लेम तिच्यापाशी आला. "मागे कोणी राहिलं नाही ना गं?"

"मीच शेवटची. माझ्यामागे नुसत्या मेंढ्या."

"मग त्यांनाही आण हाकत!" असं म्हणून हसत तो पुढे गेला.

उन्हं कलली आणि धुकं उतरलं. चिखलात आपल्या बुटांमागे आणखी कुणाचे तरी बूट वाजताहेत, असं थर्झाला ऐकू येऊ लागलं. ती थांबली की तेही थांबत. तिने वळून पाहिलं नाही. खरं तर तिला बरंच वाटलं. तेवढीच सोबत.

माळाच्या कडेला दगडी कुंपणात लाकडी फाटक होतं. थर्झा पलीकडे गेली आणि सवयीने मागच्यासाठी ते धरून उभी राहिली.

कुणीतरी फाटकाचा भार हलकेच तिच्या हातातून घेतला. कडी बसली.



"थर्झा, फाटक लावलंस का गं?" धुक्यातून क्लेमची हाक आली.

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"लावलं!" मागून उत्तर गेलं, अगदी तिच्याच आवाजात. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

आणि पुढची सगळी पावलं निश्चिंतपणे चालू लागली.