भटजींचं आडनाव

"आडनाव काय म्हणालीस?" संजीवने पुन्हा विचारलं.

"पोपोव, बाबा. आंतोन पोपोव," नीना म्हणाली. "रशियन आहे. सो व्हॉट?"

नंदाचं डोकंच फिरलं. तिने कुकर ओट्यावर आदळला. पोरगी लग्नाचं बोलतेय, मुलगा संध्याकाळी जेवायला येतोय, आणि या माणसाचं सुरू झालं आडनाव! मुलगा करतो काय, पितो का, आपल्या लेकीला जपतो का, यातलं काही म्हणजे काही विचारायचं नाही. नीनाने आईला सकाळीच बजावलं होतं, बाबांनी आज तमाशा केला तर मी पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.

अमेरिकेतल्या या श्रूजबरीत नवं मराठी कुटुंब आलं की संजीव अग्निहोत्रीचा पहिला प्रश्न हाच. गेल्या वर्षी लहू आणि संघमित्रा जेवायला आले होते. त्यांचं आडनाव कळलं तसा याचा चेहराच उतरला. लहूने साधं विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?" तर हा उठून सरळ गराजमध्ये. ते दोघं जाईपर्यंत बाहेर आला नाही. वर म्हणे, त्यांना परत बोलवू नकोस. संघमित्रा दुकानात दिसली की नंदाला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि घराण्याचा एवढा तोरा कशाच्या जोरावर? याच्या बाजूचं एक माणूस नंदाने कधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. सगळे वारले म्हणे.

संजीव फोनवर पोपोव शोधत बसला. "रेडिओच्या शोधावर काम केलेला शास्त्रज्ञ पोपोव. ऑलिंपिकमधला जलतरणपटू पोपोव. सर्कशीतला विदूषकही पोपोवच." मग तो थांबला. "पोप म्हणजे त्यांच्यातले भटजी. भटजींचं आडनाव आहे, नंदा."

"मग आता पाट मांडू का त्याला?" नंदा फणकारली.

संध्याकाळी आंतोन आला. वरणभात हाताने कालवून जेवला. नंदाला मुलगा आवडला.

संजीव हसून त्याला म्हणाला, "भटजींचं घराणं तुमचं. म्हणजे आमच्यासारखंच."

आंतोन घोटभर पाणी प्यायला. "नाही, अंकल. आम्ही ज्यू. आमचं खरं आडनाव ऐकलं की आजोबांना कुणी नोकरी देत नसे. त्यांनी गाव सोडलं आणि पोपोव लावायला लागले. मग पुढे कुणी काही विचारलं नाही."

नीनाने खुर्ची मागे सरकवली. नंदाने डाव खाली ठेवला. आता या माणसाने वेडंवाकडं तोंड उघडलं तर लेकीबरोबर आपणही निघायचं, तिने ठरवूनच टाकलं.

संजीवने ताट बाजूला सारलं.

"तुझे आजोबा," तो हळूच म्हणाला, "नंतर कधी गावी गेले?"

"नाही. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही."



"अग्निहोत्री लावायला लागल्यापासून मीही नाही गेलो," संजीव म्हणाला.