सप्त्यात उरलेलं तीर्थ

प्रयोगशाळेच्या खिडकीत सोपानआबांनी बर्फाच्या डब्यातून सीलबंद बाटली काढून ठेवली.

“कशाचं पाणी?” आतल्या बाईंनी विचारलं.

“देवळातलं तीर्थ. सप्त्यात उरलेलं.” आबांच्या आवाजात काहीच नव्हतं. कीर्तन संपल्यावर त्यांनीच ते गावाला पळी पळी वाटलं होतं. “आबा, मला अजून एक,” म्हणत नात जनी परत रांगेत आली, तेव्हा हसून तिला जास्तच दिलं होतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीची माणसं दवाखान्यातून परत आली. जनी आली नाही. आबा रडले नव्हते. “नमुना तपासायला कोण नेतंय?” असं नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा मुकाट उठले होते.

“तीर्थ होय?” म्हणत बाईंनी सवयीनं उजवा तळवा खोलगट करून पुढे केला, डावा त्याखाली धरला.

आबांनी बाटली झपकन छातीशी ओढली. “नको, जने! पिऊ नकोस गं!”

बाईंनी पुढे केलेला हात तसाच ठेवला.

“नाही पीत, आबा,” त्या म्हणाल्या. “द्या.”