परत तपासा

“तुमच्या कुत्र्याची लाळ तपासली, रेवतीताई. कण्याच्या आजाराचा दोष त्याच्यात आईबाप दोघांकडून आलाय,” डॉक्टर हळूच म्हणाले. “मागचे पाय लुळे पडत जातील.”

“लाळ बंड्याची नसेलच! तो आणि त्याची आई एकाच ताटलीत जेवतात. तिची असेल ती. परत तपासा ना, डॉक्टर.”

“आईचीही तपासली. तिच्यात दोष एकाच बाजूनं आलाय, म्हणून ती अजून धावते.” रेवतीताईंचा चेहरा पाहून डॉक्टर थांबले. “बरं, आता रक्त तपासू. आणा त्याला इकडे.”

बंड्या शेपूट हलवत निघाला. मागच्या पायांची नखं फरशीवर खरखरत घासली.

“फरशीच गुळगुळीत आहे हो तुमची,” म्हणत रेवतीताईंनी घाईघाईनं ओढणी त्याच्या पायांखाली अंथरली.

बंड्या पुढे सरकला. ओढणी मागच्या पायांबरोबर फरफटत आली.