बुवांच्या पायांचा कागद

"यांना चालवत नाही?" शिवाप्पानं कागदावरून नजर उचलून गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं.

"लिहिलंय ना तसं," हंबीरराव कानडीत गुरकावले. "उभंही राहवत नाही. बाजूला घ्या तुमचं ते लोखंड."

शिवाप्पा पालिकेचा माणूस. रविवारी दुपारपर्यंत या रस्त्यावर गाडी नाही, चालणारे आणि सायकलवाले तेवढे, असा पालिकेचा नवा नियम होता. शहराचा धूर कमी करायचा म्हणे. आजारी, अधू माणसांना तेवढी सूट. शिवाप्पानं कागद पुन्हा वाचला, परत दिला आणि अडसर मुद्दाम सावकाश सरकवला. माणूस उतरवून गाडी लगेच बाहेर काढायची, असंही बजावलं.

हंबीररावांना या नियमाची मनस्वी चीड होती. तिकडे महादेवपुऱ्यात रोज हजारो गाड्या जागच्या जागी धूर ओकत उभ्या असतात, ते यांना दिसत नाही. आमची एक गाडी वर्षातून एकदा देवळापर्यंत जाणार, तिनं म्हणे आभाळ काळवंडतं. महिनाभर भेटेल त्याला ते हेच ऐकवत होते. देवळाच्या उत्सवाला तंजावरहून कीर्तनकार आणायचा मान त्यांच्या घराण्याचा. पणजोबांनी टांग्यातून आणले, आजोबांनी मोटारीतून. बुवा पायरीशी उतरायचे, दार हंबीररावांच्या घराण्यानं उघडून धरायचं आणि अख्ख्या आळीनं ते बघायचं. बायको, अंबुबाई, एवढंच म्हणाली होती की अहो, अडसरापासून तीनशे पावलं तर आहेत, बुवांबरोबर चालत या, पुण्य काही कमी होणार नाही. हंबीरराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पालिकेचा अर्ज भरला आणि खाली यजमान म्हणून सही ठोकली.

गाडी आत शिरली. रस्ताभर माणसं. कुणी हटेना. हंबीरराव हॉर्न दाबत राहिले. एका म्हातारीनं काचेवर थाप मारली. एका सायकलवाल्यानं कानडीत शिवी हासडली, ती यांनी मराठीत परत केली.

मागे भीमाचार्यबुवा ताठ बसले होते. सत्तरी ओलांडलेले. सकाळीच के. आर. पुरमला रेल्वेतून उतरून, आपली पिशवी आपणच उचलून पुलाच्या पायऱ्या चढून आलेले. कानडी त्यांना येत नव्हती. कागदात काय होतं, त्यांनी विचारलं. हंबीररावांनी हसत हसत सांगितलं.

"माझ्या नावानं?"

"नावाशिवाय सोडत नाहीत हो हे."

देवळाशी उतरताना बुवांनी हंबीररावांच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार त्यांच्यावर दिला. हंबीरराव खूश झाले. बुवा समजूतदार निघाले, असं त्यांना वाटलं. किल्ली आळीतल्या एका तरुणाकडे देऊन त्यांनी गाडी बाहेर धाडली.

आळी बघत होती. पण बघणाऱ्यांत गाडीमागून सायकल मारत आलेला शिवाप्पाही होता. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, बूट काढले आणि आत येऊन थेट मागच्या खांबाशी बसला. स्वल्प बसून जातो, म्हणाला. हंबीररावांच्या पाठीला घाम फुटला.

कारण बसून करतात ते प्रवचन. कीर्तन उभ्यानं होतं. नारदाच्या गादीवर पाय ठेवला की कीर्तनकार दोन-दोन तास उभा असतो, आणि नाम रंगात आलं की नाचतो. भीमाचार्य तर असे नाचत की थकल्याभागल्या म्हाताऱ्याही बसल्या जागी डोलू लागत. आता पाच मिनिटांत हा पालिकेचा माणूस ते बघणार आणि भर सभेत जाब विचारणार.

बुवांनी पागोटं चढवलं, उपरणं घेतलं, कपाळाला बुक्का लावून घेतला. हंबीररावांच्या खांद्याच्या आधारानं ते गादीपर्यंत आले आणि म्हणाले, "खुर्ची आणा."

सभा कुजबुजली. खुर्ची आली. बुवा बसले. हंबीररावांचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ टिकला नाही. नमन झालं, अभंग सुरू झाला. आवाज तोच, तबला तोच, पण सभेचे हात टाळीला उठेनात. झांजवाला बुवांकडे बघता बघता दोनदा चुकला. लय वाढली तसा बुवांचा उजवा पाय आपसूक ठेका धरू लागला. बुवांनी गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला. पाय पुन्हा उचलला, बुवांनी पुन्हा दाबला. पन्नास वर्षं देवापुढे नाचलेला पाय तो, एका सहीखाली जखडला होता. बायकांच्या बाजूनं अंबुबाई देवाकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

हंबीररावांना बसवेना. ते उठून गादीशी गेले, वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उठा बुवा. तो कागद खोटा आहे."

बुवांनी गाणं थांबवलं. तबलाही थांबला.

"यजमानाचा शब्द देवापुढे मी खोटा पाडणार नाही," बुवा म्हणाले. मग त्यांनी मागच्या खांबाकडे मान वळवली. "त्यांना सांगितलंत?"

गादीपासून खांबापर्यंत सगळी सभा दाटीवाटीनं बसलेली. लोकांनी गुडघे आवरून वाट दिली. हंबीरराव त्या वाटेनं चालत गेले. शिवाप्पा उठला नाही. त्यानं नुसता हात पुढे केला. हंबीररावांनी खिशातून कागद काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

"साहेब, यात नाव चुकलंय," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते कानडीत म्हणाले. "चालवत नव्हतं ते मला."