पाठीवरची थाप

रमाबाई शर्टाच्या गुंड्या लावत होत्या आणि गजाननराव खिडकीबाहेर बघत होते. महिनाभर हे असंच चाललं होतं. डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती, गुंडी धरता येत नव्हती. बायकोनं लहान पोरासारखे आपल्या अंगात कपडे चढवायचे म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेवढा वेळ ते खाली बघतच नसत.

"कुणाजवळ एक शब्द काढलास तर माझी शपथ आहे तुला," ते म्हणाले. "एवढी उडी होऊ दे. उद्या तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो."

इतक्या वर्षांच्या संसारात रमाबाईंनी नवऱ्याची शपथ मोडली नव्हती. त्यांनी शेवटची गुंडी लावली, गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला आणि दशम्यांचा डबा उचलला.

जालन्याबाहेर माळावर धावपट्टी होती. दर थंडीत एकदा तिथं भाड्याचं छोटं विमान यायचं आणि छत्रीवाल्या पलटणीतून निवृत्त झालेली मंडळी जुने हिरवे शर्ट घालून उडी घ्यायची. आता मंडळी म्हणजे दोघंच उरले होते. एक गजाननराव आणि दुसरा त्रिंबक, अंबडकडचा, पेन्शन घेऊन पुन्हा आपल्या मेंढरांत रमलेला. तिसरी वर्षाराणी, राजूरची. या दोघांनीच तिला तयार केलं होतं आणि आता ती त्यांच्याहून सफाईनं उतरायची.

रमाबाईंनी बाभळीखाली सतरंजी अंथरली. दरवर्षी डबे घेऊन येता येता त्यांनाही सगळं कळायला लागलं होतं. पाठीवरची मोठी छत्री उघडली नाही तर राखीव छत्री असते. तिची मूठ छातीवर डाव्या बाजूला असते आणि ती ओढायला डावा हात लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. कुणी नुसतं "आज नको" म्हणालं, की सगळ्यांनी छत्र्या उतरवायच्या. का, ते विचारायचं नाही. फार पूर्वी पलटणीत एक जवान नको म्हणाला होता आणि सगळे त्याला हसले होते. त्यानं उडी घेतली, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. तेव्हापासूनचा हा नियम. पण गजाननरावांच्या तोंडून ते दोन शब्द निघायचे नाहीत, हेही रमाबाईंना ठाऊक होतं.

गजाननराव आज रंगात होते. मफलर त्यांनी उजव्या हातानं काढून फेकला. त्रिंबकचं पोट विमानाला झेपेल का, असं त्यांनी पायलटला विचारलं. त्रिंबकही काही कमी नव्हता. पलटणीत ह्या माणसासमोर उभं राहायचं म्हणजे बुटाची लेससुद्धा सरळ लागायची, तो वर्षाराणीला सांगत होता, आन् स्वतःचं काही वाकडं गड्यानं कधी कुणाला सापडू दिलं न्हाई.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून विमानात चढण्याआधी एकानं दुसऱ्याला तपासायचं असतं. हेल्मेटच्या पट्ट्यापासून बुटापर्यंत, मग मागं जाऊन छत्री बंद ठेवणारी पिन. सगळं बराबर असलं की पाठीवर थाप द्यायची. गजाननरावांना तपासायचा मान पहिल्यापासून त्रिंबकचा.

त्रिंबकनं हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. त्याचा हात हनुवटीखाली आला आणि थांबला. तो क्षणभर गजाननरावांच्या गळ्याशी, शर्टाच्या गुंड्यांकडं बघत राहिला. मग त्यानं मान वळवून सतरंजीकडं बघितलं. रमाबाईंनी त्याच्या नजरेला नजर दिली, आणि त्या डब्याचं झाकण दाबून बसवू लागल्या. ते बसलेलंच होतं.

"थंडीनं बोटं आखडत्यात," त्रिंबक म्हणाला. "दोन्ही हातांनी माझे हात दाब बरं."

गजाननराव हसले, जुन्या जवानाची परीक्षा घेतोस का म्हणाले, आणि त्यांनी हात दाबले. डाव्या हाताच्या वेळी त्यांचे दात आवळले गेले. त्रिंबक त्यांच्या मागं गेला. रमाबाई थापेची वाट बघत होत्या.

थाप पडली नाही. त्रिंबक पुन्हा पुढं आला आणि त्यानं स्वतःच्या छातीवरचा पट्टा सोडला.

"आज नको. माझं मन न्हाई."

गजाननरावांच्या चेहऱ्यावर राग आला. मग तो ओसरला, आणि त्याच्या खाली जे होतं ते फक्त रमाबाईंना ओळखता आलं. माणूस जड ओझं उतरवून ठेवतो तेव्हा असा दिसतो. वर्षाराणीनं काही न विचारता छत्री उतरवली. गजाननरावांचा डाव्या मांडीवरचा पट्टा सुटेना, तेव्हा तिनं खाली वाकून तोही सोडवला. पायलटनं इंजिन बंद केलं.

मग गजाननरावांना जोर चढला. म्हातारा झालास त्रिंबक, आता मेंढरंच राख, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. राखतोच की, त्रिंबक म्हणाला. भित्रा ठरल्याचं त्याला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. मग पायलटलाही तीच गोष्ट रंगवून सांगायला गजाननराव विमानाकडं गेले.

त्रिंबक सतरंजीपाशी उकिडवा बसला. रमाबाईंनी त्याच्या हातावर दशमी ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. सकाळपासून त्यांनी कुणाजवळ एक शब्दही काढला नव्हता.

त्रिंबकनं घास मोडला आणि विमानाकडं बघतच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, उद्या ह्याला दवाखान्यात न्या. आन् तवा तरी गुंड्या बराबर लावा."