कार्डावरचा नंबर

भिवराबाईंच्या एचआयव्हीवर जुन्या गोळ्या चालेनाशा झाल्या, तेव्हा परभणीच्या दवाखान्यात त्यांना प्रयोगातलं नवं औषध सुरू झालं. हे फक्त लेकाला ठाऊक आहे, असं त्या समजत. सुनेला त्या ‘बीपीच्या गोळ्या’ म्हणून सांगत. अंगावर काही उठलं तर गोळी मनानं बंद करू नका, रेटूही नका, लगेच फोन करा, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी नंबरचं कार्ड दिलं होतं; ते त्यांनी ट्रंकेत दडवलं होतं. दहाव्या दिवशी पाठभर लाल चट्टे उठले. प्रयोगातून नाव कमी झालं तर पुढं औषधच मिळणार नाही, या भीतीनं भिवराबाई गप्प राहिल्या. पाठ चोळताना सुनेला, शालूला, चट्टे दिसले. “शेरडांमागं फिरून खाज सुटली असंल,” त्या म्हणाल्या. शालूनं ट्रंकेतलं कार्ड काढून फोन लावला. “नव्या औषधावरच्या भिवराबाईची सून बोलायले. आत्याबाईच्या पाठीवर लय चट्टे उठलेत.” तिकडून लगेच बोलावलं, तशा दोघी पालमहून एसटीनं परभणीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून रक्त घेतलं. “वेळेवर आलात. हे औषध थांबवते आणि दुसरं देते. प्रयोग संपला तरी तुमचा इलाज आम्ही सोडत नाही.” बाहेर बाकावर भिवराबाईंनी मान खाली घालून विचारलं, “तुला कवापास्नं ठावं हाय?” “लगनाच्या आधीपास्नं. तुमच्या लेकानं समदं सांगितलं, मगच मी व्हय म्हनले.” भिवराबाईंना रडू फुटलं. शालूनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. “आता लपून खाऊ नगा. रोजची गोळी मीच देत जाईन.”